उपक्रमापूर्वीची स्थिती

पडद्यावर चित्र यायच्या आधी आवाज आला, आणि तो कानावर पडताच आसावरीच्या हातातला चहा साडीवर सांडला. "शा… ळे… त…" मग एक लांब श्वास. "आ… ज… भा… भा…" पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं. आसावरीला वाटलं, भास होतोय आपल्याला. लोणावळ्यातल्या हॉटेलचा हा एसी हॉल. एरवी इथं लग्नाचे स्वागतसमारंभ होतात आणि आज तालुक्यातले सव्वाशे शिक्षक 'अध्यापनात माध्यमे व तंत्रज्ञान यांचा प्रभावी वापर' या विषयाचं प्रशिक्षण घेत बसलेत. इथं नंदाबाईंचा आवाज कसा येईल? नंदाबाई तर आत्ता कान्ह्याच्या पुढच्या वस्तीवर, शाळेमागच्या खोलीत, पोरांच्या खिचडीला फोडणी देत असतील. पण भास नव्हता. "भा… त… शि… ज…" आणि मग तो अडखळणारा आवाज स्वतःवरच चिडून म्हणाला, "मेलं ह्ये अक्षर!" सव्वाशे माणसं खदखदून हसली.

"किती गोड आहेत ना मावशी!" विहंग म्हणाला. विहंग म्हणजे पुण्याहून आलेला तज्ज्ञ. तिशीचा, कॉलरला माइक लावलेला, सकाळपासून एकदाही खुर्चीवर न बसलेला. "परत ऐकू या." त्यानं परत लावलं. तिसऱ्यांदा तर नुसतं 'मेलं ह्ये अक्षर' एवढंच कापून वाजवलं, आणि हॉल पुन्हा हसला. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, काय तरी एकेक!" आसावरी तिच्याकडे बघत राहिली. तुझी आई असती म्हणजे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. हसताय कशाला? पगार घेता ना अडखळणाऱ्याला पुढं न्यायचा? तिची तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती उठून उभी राहिली. चोवीस वर्षांच्या नोकरीत ती भर सभेत अशी कधी उठली नव्हती.

"बंद करा ते."

"मॅडम, प्रश्न आपण शेवटी घेऊ या."

"प्रश्न नाहीये. बंद करा. ते रेकॉर्डिंग माझं आहे."

तिला वाटलं होतं, तो वरमेल. तो तर हरखून गेला! "म्हणजे आसावरी गद्रे मॅडम तुम्हीच? अरे वा! ज्यांचा उपक्रम आपण बघतोय त्या स्वतः आपल्यात आहेत. टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या, चांगल्या कडाडून झाल्या. "आणि बघा, मॅडमनी पहिल्या दिवसाचा पुरावा स्वतः पाठवला, म्हणून तर आपल्याला फरक कळतो. या मॅडम, वर या." स्वतः पाठवला. हे त्यानं अगदी कौतुकानं म्हटलं. तिनं पर्स उचलली आणि खुर्च्यांना धडकत ती दाराकडे निघाली. मागून माइकवर ऐकू आलं, "मॅडम जरा भावुक झाल्यात. कुणी लिहून घेऊ नका हं, सगळ्या क्लिप आणि सगळे अहवाल मी आत्ताच तालुक्याच्या ग्रुपवर टाकतोय."

पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली भोकात जाईना. रागानंच होतंय हे, दुसऱ्या कशानं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. आत्ताच्या आत्ता वस्तीवर पोचायचं. ती क्लिप पोचायच्या आत आपण पोचायचं आणि नंदाबाईंना आपल्या तोंडानं सांगायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. चिक्कीच्या दुकानांसमोर मुंबईच्या गाड्या वाटेल तशा लावलेल्या होत्या, एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून बायकोचा फोटो काढत होता. आसावरीनं इतका कर्कश हॉर्न दाबला की तो उडालाच. "बघून चालवा की!" "तुम्ही बघून उभे राहा!" ती ओरडली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. घरी, तळेगावात, तिचा नवरा अनंत नेहमी म्हणायचा, तुला चिडताच येत नाही, तू नुसती फुगतेस. येतं की. चांगलं येतं.

चौदा वर्षं नंदाबाई त्या शाळेत स्वयंपाक करत होत्या आणि चौदा वर्षं त्यांचा चष्मा घरी राहत होता. फळ्यावर आजचा आहार लिहिलेला असायचा. नंदाबाई एखाद्या पोराला म्हणायच्या, "वाच रं बाबा, काय लिवलंय, चष्मा घरी ऱ्हायला." वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाई गावातली वजनदार. कुणाच्या घरी भांडण झालं की नंदाबाईला बोलवा, सोयरीक जमेना की नंदाबाईला बोलवा. लग्नपत्रिका हातात घेऊन त्या अशी मान हलवायच्या की समोरच्याला वाटावं, छापखान्याची चूकही यांनी हेरली असणार. मग मागच्या वर्षी आसावरीनं तळेगावहून त्यांना एक तयार चष्मा आणून दिला. आपण किती चांगल्या, असं वाटलं होतं तिला तेव्हा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नंदाबाई वर्गात आल्या आणि दार लोटून घेतलं. "म्याडम, चष्मा चांगला हाय. पन मला आदीबी दिसत हुतंच की. नुसतं दिसून काय उपेग?" त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "शिकवाल का? पन कुनाला कळाया नगं. माझी सून अपेक्षा बारावी झालीया. तिच्या म्होरं मी आजवर मान हालवत आले."

शाळेत एक मोठा डिजिटल फळा होता. कुठल्याशा कंपनीनं दिलेला, भिंतभर. उद्घाटनाला त्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं ते अजून पुसट दिसायचं, आणि धूळ बसू नये म्हणून मुख्याध्यापक यशोधन सर त्यावर घरची चादर टाकून ठेवायचे. पाहुणे आले की चादर निघायची, पाहुणे गेले की परत. पोरांनी बोट लावलं तर "काच आहे रे, काच!" फोटो मात्र दर आठवड्याला. आसावरीनं तो फळा नंदाबाईंसाठी लावला नाही, पोरांसाठीही फारसा नाही. तिनं आपला जुना, कोपरा फुटलेला फोन काढला आणि एक इअरफोन. मोठ्यानं वाचून ते फोनमध्ये रेकॉर्ड करायचं, मग कानाला लावून, ओळीखाली बोट फिरवत आपलं आपण ऐकायचं. "मी चूक काढणार नाही," ती म्हणाली होती, "कुठं अडलं ते तुम्हीच मला सांगायचं." एवढंच होतं ते तंत्रज्ञान. अक्षरओळख झाल्यावर पहिल्याच दिवशी नंदाबाईंनी कानाला लावलं आणि त्या दचकल्या. "ही मी न्हवं, म्याडम. ही तर माझी आय बोलतीया!" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आई जाऊन तीस वर्षं झालेली. मग पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "ह्यो आवाज ह्या डबड्यातनं भाईर जाता कामा न्हाई." "नाही जाणार, शब्द देते," आसावरी म्हणाली. मोठी आली शब्द देणारी!

आणि काय झपाट्यानं शिकली ती बाई! तीन महिन्यांत जोडाक्षरं. चवथ्या महिन्यात तेलाच्या पिशवीवरचं बारीक छापलेलं वाचायला लागल्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, "म्हंजी तारीक उलटून गेली की वो ह्याची. किती वर्सं आमी पोरांना असलं खायाला घातलं आसंल?" त्या दिवशी त्या इतक्या चिडल्या होत्या की पिशवी घेऊन थेट यशोधन सरांच्या टेबलावर आपटून आल्या. तेव्हापासून शाळेत नवं तेल येतं. आसावरीनं मग तोच फोन पोरांना दिला, आणि जी पोरं मोठ्यानं वाचताना मान खाली घालायची ती कोपऱ्यात बसून स्वतःला ऐकायला लागली. कुणी कुणावर हसत नव्हतं, कारण कुणाचं कुणाला ऐकूच येत नव्हतं. सगळी मेख तिथंच होती. आणि त्या शहाण्या विहंगनं नेमकं तेच उपसून सव्वाशे माणसांच्या कानांत ओतलं. प्रभावी वापर म्हणे!

वलवणच्या धरणाची भिंत दिसायला लागली तसा पर्समध्ये फोन थडथडायला लागला. थांबायचं नाही, असं ठरवूनही तिनं स्कूटर कडेला घेतली. सतरा मेसेज. अभिनंदन, अभिनंदन, टाळ्यांचे पिवळे हात. आणि सगळ्यात खाली यशोधन सरांचा, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलेला: 'आपल्या शाळेचे नाव लोणावळ्यात गाजले! गद्रे मॅडमचा उपक्रम तालुक्यात आदर्श. सोबत ऑडिओ व अहवाल. सर्वांनी अवश्य ऐकावे व वाचावे.' पालकांच्या ग्रुपवर म्हणजे सगळ्या वस्तीवर. म्हणजे अपेक्षाच्या फोनवर. तेरा मिनिटं झाली होती त्याला. "अहो, अक्कल आहे का तुम्हाला?" ती भर रस्त्यात ओरडली. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या क्लीनरनं वाकून बघितलं. तिनं सरांना फोन लावला. "मॅडम, कमाल केलीत!" सर सुरू झाले. "काढा ते आधी," ती म्हणाली. "काढू कशाला? एकशे चार जणांनी बघितलंसुद्धा." तिनं फोन कापला. यांना घरातल्या माणसाचं बाहेरच्यांपुढे किती सांगायचं हे तरी कळतं का? का जगात जे जे होतं त्याचा फोटो नाहीतर क्लिप ग्रुपवर पडल्याशिवाय ते झालंच नाही असं वाटतं यांना? झाड लावलं, फोटो टाका. हात धुतले, फोटो टाका. पोर शिकलं, व्हिडिओ टाका. नाही टाकला तर पोर शिकलंच नाही!

कार्ल्याच्या फाट्यापाशी सिग्नलला थांबल्यावर मात्र तिच्या रागाला एक भोक पडलं आणि तिथून दुसरंच काही आत यायला लागलं. अहवाल. 'सोबत ऑडिओ व अहवाल.' काय लिहिलं होतं आपण त्यात? फेब्रुवारीचा शेवट होता, प्रत्येक शाळेनं एक नवोपक्रम पाठवायचाच होता, सरांचा रोज तगादा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला ती स्टाफरूममध्ये बसून रकाने भरत होती. लाभार्थी. उपक्रमापूर्वीची स्थिती. उपक्रमानंतरची स्थिती. पुरावा जोडा. पुरावा जोडल्याशिवाय ते पान पुढंच सरकत नव्हतं. पोरांची रेकॉर्डिंगं जुन्या फोनवरून आपल्या नव्या फोनवर घ्यायची राहून गेली होती, हाताशी होतं ते एकच, नंदाबाईंचं पहिल्या दिवसाचं. कोण ऐकतंय, असं वाटलं होतं. असले अहवाल कोण वाचतं? हजार शाळांचे हजार अहवाल, कुठल्या तरी कंप्युटरमध्ये कुजत पडतात. तिनं बटण दाबलं, पान पुढं सरकलं, आणि ती घरी जाऊन पोळ्या करायला लागली. विसरली. विसरली कसली, विसरून टाकलं. दुसऱ्या दिवशी नंदाबाईंच्या डोळ्याला डोळा देताना मनात काहीतरी टोचलं होतं, ते तिनं भागाकाराच्या गणितांखाली दाबून टाकलं. पण रकान्यात काय लिहिलं होतं? 'पूर्वीची स्थिती' जितकी काळी तितका उपक्रम उजळ, हे सगळ्यांनाच माहीत असतं. सगळेच तसं लिहितात. आपणही लिहिलं असणार. काय लिहिलं होतं? मागून हॉर्न वाजायला लागले. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

कामशेत गेलं, कान्हे फाटा आला. ती रागाला पुन्हा पुन्हा पेटवायला बघत होती. विहंगला काय काय सुनवायचं, सरांना काय काय सुनवायचं, याची वाक्यं जुळवत होती. तू एकदा तरी कुणाच्या शेजारी बसून त्याला वाचताना ऐकलंयस का रे? असं विचारायचं. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो तसाच हरखून म्हणत होता, मॅडमनी स्वतः पाठवला. चुलीत गेला तो! ती मोठ्यानं म्हणाली. हेल्मेटमध्ये तो आवाज तिच्याच कानात घुमला.

शाळेत पोरांची जेवणं उरकली होती. यशोधन सर हसत व्हरांड्यात आले, "या, या, आदर्श मॅडम!" ती त्यांच्या अंगावरून तशीच मागच्या खोलीकडे गेली. नंदाबाई पातेल्यांच्या ढिगाशेजारी पाटावर बसल्या होत्या. भांडी तशीच खरकटी. हातात अपेक्षाचा फोन. अपेक्षा दाराला टेकून उभी होती, घरचा गाऊन, वर ओढणी, धावत आलेली दिसत होती.

"मी म्हनलं मी वाचून दाखवते," अपेक्षा म्हणाली, "तर हातच लावू देत न्हाईत. तासभर झाला, आत्या एकल्याच वाचत बसल्यात."

"नंदाबाई," आसावरी म्हणाली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य जाग्यावर नव्हतं. "नंदाबाई, त्या माणसानं तिथं…"

"थांबा. माझं व्हऊ द्या." नंदाबाईंनी मान वर केली नाही. त्यांचं बोट काचेवर हळूहळू सरकत होतं. "ला-भा-र्थी. नंदाबाई. वय सत्तावन. उप-क्र-मा-पूर्वी-ची स्थिती. नि-र-क्षर." त्यांनी श्वास घेतला. "आकलन-शक्ती… अत्यल्प." एकही अक्षर अडलं नाही. "वाचलं बगा. पन अर्थ लागना. अत्यल्प म्हंजी काय वो, म्याडम?"

काहीही सांगता आलं असतं. भरपूर, असं सांगितलं असतं तर कुणी हटकलं असतं? अपेक्षानं. बारावी झालेली अपेक्षा दारातून तिच्याकडेच बघत होती.

"फार थोडी," आसावरी म्हणाली.

"आन् आकलनशक्ती?"

"समजून घ्यायची ताकद."

"म्हंजी मला समजायची ताकद लय थोडी." नंदाबाईंनी आता वर बघितलं. "तीन म्हयन्यांत जोडाक्षरं आली तवा काय म्हनला हुता तुमी मला? पोरांनाबी येवढ्या लौकर येत न्हाईत, म्हनला हुता. ते खोटं, का ह्ये खोटं?"

"हे."

"मग लिवलं कशापाई?"

"तसं लिहावं लागतं नंदाबाई. सगळेच… म्हणजे त्यांना फरक दिसायला लागतो." बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं.

"हसू द्या त्यांना, माझा आवाज हाय, अडला तर अडला," नंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "ह्या आवाजाचं नगं म्हनलं हुतं मी, तरी तुमी दिलात. ते येक. पन ह्ये? ह्ये कोन त्या लोनावळ्याच्या मानसानं न्हाई लिवलं. खाली नाव हाय. आसावरी अनंत गद्रे. समद्यात पयलं मी तेच वाचलं. मला वाटलं, मीच चुकीचं वाचतीया. चारदा वाचलं." त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तरी एकदम मोठ्या दिसल्या. "माझ्या सुनंच्या फोनात ह्ये आयुष्यभर ऱ्हानार का? तिची पोरं वाचनार? काढा तुमचा फोन."

आसावरीनं काढला.

"समद्या गावाला गेलंय तितंच लिवा. आन् पाठवायच्या आदी मला दावायचं. मी वाचल्याबिगर जायाचं न्हाई."

बोटं कुठल्या अक्षरावर पडतायत ते आसावरीला दिसत नव्हतं. तिनं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि फोन पुढं केला. नंदाबाईंनी काचेवर बोट ठेवलं. "माझ्या अहवालात नंदाबाईंच्या आ-कलन-शक्ती-बद्दल न-जर-चुकी-ने चुकीची नोंद झाली." त्या थांबल्या. "नजरचुकीनं म्हंजी?"

"म्हणजे… लक्ष नसताना. चुकून."

"चुकून झालं व्हय?"

बाहेर व्हरांड्यात यशोधन सर कुणाला तरी फोनवर सांगत होते, आमच्याच मॅडम, हो हो, आमच्याच. आसावरीनं तो शब्द पुसला. मग 'नोंद झाली' पुसलं. मग सगळंच पुसलं आणि नव्यानं लिहिलं. या वेळी तीनचारच शब्द झाले. मी खोटे लिहिले होते. त्याखाली नाव.

नंदाबाईंनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, अपेक्षाला ऐकू जाईल असं.

"आता पाठवा," त्या म्हणाल्या.